दीर्घ फ्रेंच कादंबऱ्या : वाचन आणि रंगदर्शन

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच कादंबरीकारांनी आपले ग्रंथ रचताना वाचकाच्या सवडीचा काडीमात्र विचार केला नाही, अशी तक्रार जे करतात, त्यांच्या हाती बहुधा तो सबंध ग्रंथ एकाच जाडजूड खंडाच्या रूपाने पडलेला असतो. आणि हजार-बाराशे पानांचा तो ऐवज पाहून मनात उत्पन्न होणारी धास्ती अगदीच निराधार आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या वाचकवर्गासाठी हे ग्रंथ लिहिले गेले, त्याच्या हाती ते या रूपाने पडलेच नव्हते. अलेक्झांडर द्युमाची 'मॉन्ते क्रिस्तोचा काउंट' ही ११७ प्रकरणांची कादंबरी 'जुर्नाल दे देबा' या पॅरिसच्या दैनिकात १८४४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, ती १८४६ च्या जानेवारीत संपली. व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' १८६२ च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत तीन हप्त्यांनी, दहा खंडांत बाहेर पडली. म्हणजे थांबणे, वाट पाहणे, मध्यंतरी घडून गेलेल्या मजकुराची आपापसांत चर्चा करणे, हे सारे त्या वाचनाचे अंगभूत व्यवहार होते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ज्यांनी 'करमणूक' पत्राच्या अंकांतून वाचली, त्या आपल्या पूर्वजांस या गोष्टीचा उलगडा करून सांगण्याची गरज पडली नसती. तेव्हा पहिली सूचना हीच, की असा ग्रंथ एका बैठकीत, एका सुट्टीत किंवा एखाद्या पैजेखातर उरकण्याचा संकल्प कोणी करू नये.

संथ वाचावयाचे म्हणजे किती संथ, हा प्रश्न उरतोच. 'ले मिझेराब्ल'चे पाच भाग आहेत, त्या भागांत मिळून ४८ 'पुस्तके' आणि ३६५ प्रकरणे आहेत. आणि हा आकडा वर्षाच्या दिवसांशी नेमका जुळत असल्यामुळे रोज एक प्रकरण वाचून वर्षात ग्रंथ पुरा करण्याची तजवीज पुष्कळांस सुचते. ही योजना दिसावयास मोठी सुबक आहे, पण माझ्या मते फारशी हितावह नाही. ह्यूगोची प्रकरणे अतिशय विषम आहेत. काही दीड-दोन पानांची, तर काही एखाद्या स्वतंत्र निबंधाच्या लांबीची. शिवाय पॅरिसच्या रस्त्यात बंडखोरांनी मोर्चा उभारला आहे, गोळीबार सुरू झाला आहे, अशा ऐन प्रसंगी नेमून दिलेले प्रकरण संपले म्हणून पुस्तक मिटून ठेवणे हा स्वतःवरच केलेला जुलूम होय. त्यापेक्षा आठवड्यास एक 'पुस्तक' हा हिशेब अधिक सोयीचा, कारण ह्यूगोने प्रत्येक 'पुस्तक' हे एका विषयाचे, एका स्थळाचे किंवा एका संकटाचे पूर्ण वर्तुळ म्हणून योजलेले आहे. या गतीने ग्रंथ वर्षाच्या आत पुरा होतो, आणि ज्या आठवड्यात कथा धावते त्या आठवड्यात वाचकासही धावण्याची मुभा राहते.

मूळ फ्रेंच वाचू शकणारे आपल्यात थोडे. बहुतेकांस इंग्रजी भाषांतराचाच आश्रय घ्यावा लागतो, आणि तेथे निवड डोळसपणे करणे अगत्याचे आहे. 'ले मिझेराब्ल' प्रसिद्ध झाली त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स विल्बर याचे भाषांतर निघाले. त्याची भाषा आज जुनी वाटते, पण ती मूळ ग्रंथाच्याच काळातील असल्यामुळे तिला एक प्रकारची सचोटी आहे. नॉर्मन डेनी याचे १९७६ चे भाषांतर वाचावयास सर्वांत सुगम. मात्र कॉन्व्हेंटमधील जीवनाविषयीचा आणि चोरांच्या सांकेतिक बोलीविषयीचा असे दोन भाग त्याने आपल्या जागेवरून उचलून ग्रंथाच्या शेवटी परिशिष्टात टाकले आहेत. हा फेरफार कित्येकांस उपकारक वाटेल, पण तो झाला आहे हे वाचकास ठाऊक असावे. संपूर्ण आणि आजच्या इंग्रजीतील भाषांतर हवे असेल, तर क्रिस्टीन डोनोहर हिचे घ्यावे. 'मॉन्ते क्रिस्तो'च्या बाबतीत रॉबिन बस याचे १९९६ चे भाषांतरच घ्यावे, असे मी आग्रहाने म्हणेन. १८४६ च्या सुमाराचे जे निनावी इंग्रजी भाषांतर आजवर नाना आवृत्त्यांतून फिरत आले आहे, त्यात तत्कालीन इंग्रजी सोवळेपणाला न मानवलेल्या जागा गाळलेल्या किंवा सौम्य केलेल्या आहेत. 'संक्षिप्त आवृत्ती' असे शब्द मुखपृष्ठावर दिसले, की ते पुस्तक दुकानातच परत ठेवावे. त्याला अपवाद एकच. साने गुरुजींनी ह्यूगोच्या या कथानकाच्या आधारे 'दुःखी' ही कादंबरी मराठीत लिहिली. ज्यांना मूळ ग्रंथाच्या अरण्यात शिरण्यापूर्वी कथेची वाट पाहून घ्यावयाची आहे, त्यांनी ती अवश्य वाचावी. ते रूपांतर आहे. त्यात ह्यूगोपेक्षा गुरुजींचे हृदय अधिक बोलते, आणि ते तसे बोलते यात काही वावगे नाही.

वाचनास बसण्यापूर्वी एका कागदावर फ्रान्सच्या राज्यसत्तांची एक छोटी जंत्री करून ती पुस्तकातच खुणेदाखल ठेवावी. १७८९ मध्ये राज्यक्रांती. १८०४ मध्ये नेपोलियन सम्राट. १८१४ मध्ये त्याची पदच्युती, १८१५ मध्ये पुनरागमन आणि त्याच सालच्या १८ जूनला वॉटर्लूचा पराभव. त्यानंतर अठरावा लुई आणि दहावा शार्ल या बूर्बाँ राजांचा अंमल. १८३० च्या जुलैत पुन्हा क्रांती होऊन लुई-फिलिप गादीवर. एवढे पुरे. हे न केल्यामुळे होणारी सर्वांत सार्वत्रिक गफलत अशी, की 'ले मिझेराब्ल'मधील बंड म्हणजे १७८९ ची थोर राज्यक्रांती होय, असे समजून पुष्कळ वाचक आणि त्याहून अधिक प्रेक्षक अखेरपर्यंत चालतात. वस्तुतः ते बंड १८३२ च्या ५ आणि ६ जूनचे आहे. जनरल लामार्क पटकीने वारला, त्याच्या प्रेतयात्रेतून ते उसळले, आणि दोन दिवसांत चिरडले गेले. फ्रान्सच्या इतिहासात या बंडाला मानाचे पान नाही. ते फसले, विसरले गेले, आणि ह्यूगोने त्याची निवड केली ती नेमकी याच कारणासाठी. विजयी क्रांतीचे पोवाडे गाणारे पुष्कळ होते. ते बंड म्हणजे १७८९ ची क्रांती, अशा समजुतीने वाचणारा मनुष्य शेवटी तरुणांच्या यशाची वाट पाहत बसतो आणि निष्कारण निराश होतो.

चलनाचीही थोडी माहिती करून घ्यावी, कारण हे लेखक पैशाचा हिशेब फार काटेकोर ठेवतात. २० सू म्हणजे एक फ्रँक, आणि नेपोलियनच्या छापाचे सोन्याचे नाणे २० फ्रँकांचे. 'ले मिझेराब्ल'चा नायक जाँ वालजाँ एकोणीस वर्षांची सक्तमजुरी भोगून तुलाँच्या बंदिशाळेतून सुटतो, तेव्हा त्याच्या हाती पडतात १०९ फ्रँक १५ सू, आणि सोबत त्याच्या गुन्ह्याची नोंद असलेला पिवळा परवाना. एकोणीस वर्षांच्या मजुरीची एवढीच किंमत, हा ह्यूगोचा सबंध युक्तिवाद त्या एका आकड्यात आहे. तो आकडा नजरेआड करणारा वाचक पुढची पाचशे पाने वाचूनही त्या युक्तिवादापर्यंत पोहोचत नाही. पुढे एका पोराच्या चाळीस सूच्या नाण्यावर वालजाँचा पाय पडतो, आणि त्या क्षुल्लक नाण्यापायी तो कायद्याच्या दप्तरात पुन्हा सराईत गुन्हेगार ठरतो, हेही या हिशेबाशिवाय नीट उमगत नाही.

नावांची वही ठेवणे हा माझा आणखी एक आग्रह. या कादंबऱ्यांत माणसे सारखी नावे बदलतात. वालजाँ हाच मादलेन, हाच फोशलव्हाँ, आणि मारियुस नावाच्या तरुणाच्या मित्रांच्या तोंडी हाच लब्लाँ. मोंफेर्मेच्या खाणावळीचा मालक तेनार्दिये पॅरिसमध्ये जोंद्रेत म्हणून नांदतो. गावरोश हा रस्त्यावरचा पोर त्याच तेनार्दियेचा मुलगा, आणि ज्या दोन चिमुकल्या अनाथ मुलांना तो बास्तीयच्या चौकातील हत्तीच्या पुतळ्याच्या पोटात निजवतो, ते त्याचे सख्खे भाऊ असतात. त्याला ते ठाऊक नसते, वाचकाला मात्र असते. द्युमाकडे तर हा प्रकार दुप्पट. एदमाँ दाँते हाच काउंट, हाच आबे बुझोनी, हाच लॉर्ड विल्मोर, हाच खलाशी सिंदबाद. आणि त्याचा घात करणारा कातालान कोळी फेर्नां वर्षांनी मोर्सेफचा काउंट म्हणून भेटतो. 'मॉन्ते क्रिस्तो' अर्ध्यावर सोडून देणारे बहुतेक वाचक एकाच ठिकाणी सोडतात. दाँते शातो दीफच्या तुरुंगातून निसटतो, खजिना मिळवतो, आणि मग कथा एकाएकी रोमच्या आनंदोत्सवात, दोन अनोळखी तरुणांच्या सहवासात जाऊन पडते. येथे वाचकाला वाटते, की आपला नायक हरवला. तो हरवलेला नसतो. वाचकानेही आता त्याच्याकडे त्याच्या शत्रूंच्या डोळ्यांनी, एक गूढ परका म्हणून पाहावे, अशी द्युमाची योजना असते. हे ध्यानी धरून त्या रोमच्या प्रकरणांतून नेट धरून पुढे गेल्यास उरलेला ग्रंथ आपणच वाचकाला ओढून नेतो.

आता ह्यूगोच्या विषयांतरांकडे वळू, कारण भीती खरी त्यांचीच आहे. दुसऱ्या भागाच्या आरंभीच वॉटर्लूच्या लढाईची १९ प्रकरणे येतात, आणि त्यांतील शेवटच्या प्रकरणापर्यंत कथेतील एकही ओळखीचा मनुष्य भेटत नाही. पुढे कॉन्व्हेंटच्या व्रतस्थ जीवनावर, चोरांच्या बोलीवर, लुई-फिलिपच्या स्वभावावर आणि पॅरिसच्या गटारांवर असेच विस्तृत विवेचन येते. इंग्रजी समीक्षक याला दोष म्हणतात. मराठी वाचकाने तसे म्हणण्याची घाई करू नये. कीर्तनात पूर्वरंगातील निरूपण ऐकताना आख्यान केव्हा सुरू होणार म्हणून जो चुळबूळ करतो त्याला आपण अरसिक म्हणतो, कारण निरूपणाचा धागा आख्यानात कोठे उकलणार आहे हे बुवांना ठाऊक असते आणि मुरलेल्या श्रोत्यालाही. ह्यूगोची रीत हीच आहे. वॉटर्लूच्या त्या साऱ्या रणधुमाळीनंतर रात्री प्रेतांच्या राशींतून एक भामटा मृतांच्या अंगावरील किडूकमिडूक लुटत फिरतो, आणि ज्याला तो लुटतो त्या जखमी अधिकाऱ्याची अशी समजूत होते, की याने आपले प्राण वाचविले. तो भामटा म्हणजे तेनार्दिये, आणि तो अधिकारी म्हणजे मारियुसचा बाप. मारियुसच्या मानेवर पुढे सातत्याने बसणारे ते खोट्या उपकाराचे जू येथे घडते. सम्राटाच्या पराभवातून इतिहासाला काय मिळाले, हे १८ प्रकरणांत सांगून झाल्यावर एका खाणावळवाल्याला त्यातून काय मिळाले, ते ह्यूगो एकोणिसाव्यात दाखवितो. आणि ही विषमताच त्याचा विषय आहे.

या विवेचनामागे मोठी तपश्चर्या होती, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. ग्रंथाचा आरंभ १८४५ मध्ये झाला. १८४८ च्या उलथापालथीत तो बाजूस पडला. १८५१ च्या डिसेंबरात लुई-नेपोलियनने सत्ता बळकावल्यावर ह्यूगो परागंदा झाला, आणि ब्रसेल्स, जर्सी, मग गर्न्सी बेट असा हद्दपारीचा प्रवास करीत १८६० मध्ये त्याने ती जुनी हस्तलिखिते पुन्हा हाती घेतली. १८६१ मध्ये तो मुद्दाम वॉटर्लूच्या रणक्षेत्रावर जाऊन राहिला. गटारांचे प्रकरणही असेच. पॅरिस दरसाल अडीच कोटी फ्रँक समुद्रात लोटून देते, असा खरमरीत जमाखर्च मांडून ह्यूगो त्याची सुरुवात करतो. नागरी मैल्याचे खत करून शेतात घालावे, हा त्याचा मुद्दा. वाचक हसतो, कंटाळतो, आणि मग त्याच गटारातून बेशुद्ध मारियुसला खांद्यावर घेऊन वालजाँ कमरेइतक्या चिखलातून चालू लागला, की प्रत्येक वळण, प्रत्येक उतार आपल्या परिचयाचा असतो. कॉन्व्हेंटचे विवेचन तेवढे मला आजही रुक्ष वाटते. ते वगळून पुढे जाणाऱ्यास मी दोष देणार नाही. पण वॉटर्लू आणि गटारे ही दोन स्थळे कोणी वगळू नयेत.

येथून रंगभूमीकडे जाणारी वाट वाटते तितकी लांब नाही. ह्यूगो आणि द्युमा हे दोघेही कादंबरीकार म्हणून गाजण्यापूर्वी नाटककार म्हणून गाजले होते. द्युमाचे 'तिसरा हेन्री आणि त्याचा दरबार' १८२९ मध्ये, आणि ह्यूगोचे 'एर्नानी' त्यापुढच्या वर्षी कोमेदी-फ्रांसेझच्या रंगमंचावर आले. 'एर्नानी'च्या वेळी नाट्यगृहातच जुन्या आणि नव्या पक्षांची जी हातघाई झाली, ती वाङ्मयाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. म्हणून यांच्या कादंबऱ्यांत वेषांतरे, अकस्मात उघडणारी दारे, भरसभेत पटणारी ओळख हे सारे नाट्यधर्म ओसंडून वाहतात. शिवाय आपल्या कृती रंगभूमीवर आणण्यास त्यांनी स्वतःच कधी मागेपुढे पाहिले नाही. द्युमाने थिएत्र इस्तोरिक नावाचे नाट्यगृहच काढले, आणि १८४८ च्या फेब्रुवारीत 'मॉन्ते क्रिस्तो'चा प्रयोग दोन लागोपाठच्या रात्रींत विभागून केला. कादंबरीच्या लांबीला शरण जाण्याची ही एक प्रामाणिक पद्धत म्हणावी लागेल. ह्यूगोने 'नोत्र-दाम द पारी'वरून लुईझ बेर्तँ हिच्या संगीतिकेसाठी स्वतः संहिता लिहून दिली. ती १८३६ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात झाली आणि पडली, आणि तिच्यात त्याने आपल्याच कादंबरीचा शेवट बदलून टाकला होता. 'ले मिझेराब्ल'चे पहिले नाट्यरूपांतर ह्यूगोच्या मुलाने, शार्लने केले. ते फ्रान्समध्ये करण्यास सरकारची मनाई असल्यामुळे १८६३ च्या जानेवारीत ब्रसेल्सला रंगभूमीवर आले. मूळ ग्रंथाशी रूपांतराने एकनिष्ठ राहिले पाहिजे, हा सोवळा आग्रह ज्यांचा असतो, त्यांनी या इतिहासाकडे एकदा पाहावे. जनकांचाच जेथे तो आग्रह नव्हता, तेथे आपण तो कोणाच्या वतीने धरावा?

आज मात्र बहुतेकांच्या मनात नाव येते ते एकाच प्रयोगाचे. क्लोद-मिशेल शोनबर्गचे संगीत आणि आलँ बूब्लिल व जाँ-मार्क नातेल यांची गीते यांतून उभे राहिलेले हे संगीतनाट्य १९८० मध्ये पॅरिसच्या पाले दे स्पोर या क्रीडागृहात रोबेर ओसँच्या दिग्दर्शनाखाली प्रथम झाले. लंडनमध्ये 'ऑलिव्हर' हे डिकन्सच्या कथेवरचे संगीतक पाहत असताना, त्यातील उनाड पोर पाहून बूब्लिलला गावरोशची आठवण झाली आणि ही कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे कॅमेरून मॅकिंटॉश या निर्मात्याने रॉयल शेक्सपियर कंपनीच्या सहकार्याने, हर्बर्ट क्रेट्झमर याच्याकडून इंग्रजी गीते लिहवून घेऊन, ८ ऑक्टोबर १९८५ रोजी लंडनच्या बार्बिकन नाट्यगृहात ते आणले. दिग्दर्शक ट्रेव्हर नन आणि जॉन केअर्ड. वृत्तपत्री समीक्षकांनी नाके मुरडली. तिकीटविक्रीच्या खिडकीवर रांगा लागल्या. त्या रांगा अद्याप संपलेल्या नाहीत.

हा प्रयोग कसा पाहावा? त्यात काय गाळले याची यादी करीत बसणे ही सर्वांत निष्फळ रीत. तीन तासांत पाच भाग मावत नाहीत, हे सिद्ध करावयास कोणा विद्वानाची गरज नाही. गाळलेल्या मजकुराचे काम तेथे दुसऱ्या कशाने केले आहे, हे शोधावे. रंगदर्शनाचा खरा आनंद त्यात आहे. एक उदाहरण तपशिलाने घेतो. मादलेन नाव धारण करून नगराध्यक्ष झालेल्या वालजाँला कळते, की आपणच तो, असे समजून शांमात्यू नावाच्या एका भलत्याच माणसाला पकडले आहे आणि त्याला जन्मठेप होणार. गप्प राहावे की हजर व्हावे? कादंबरीत तो रात्रभर येरझाऱ्या घालतो, मेणबत्ती विझवतो, पुन्हा लावतो, जुने कपडे जाळतो, ज्या बिशपने पूर्वी त्याला क्षमा केली त्याने दिलेली चांदीची शमादानेही आगीत टाकावयास निघतो. आणि पहाटेपर्यंत काहीही ठरत नाही. मग तो आरासच्या न्यायालयाकडे निघतो, वाटेत गाडीचे चाक मोडते, आणि त्या विघ्नाने त्याला मनातल्या मनात केवढा दिलासा वाटतो! दैवानेच अडविले, आता आपला इलाज नाही, असे तो स्वतःस समजावतो न समजावतो तोच दुसरी गाडी मिळते. मनुष्याच्या सद्सद्विवेकाचे इतके निर्दय, इतके दीर्घ आणि मधूनमधून इतके विनोदी चित्रण मला अन्यत्र आढळलेले नाही. रंगभूमीवर हे सारे एका गीतात आटोपते, आणि गीताच्या अखेरीस तो भरन्यायालयात आपला कैदी क्रमांक २४६०१ उच्चारतो. येथे नाटक हरले, हे कबूल केले पाहिजे. कारण ती रात्र लांब असणे हाच त्या प्रसंगाचा अर्थ आहे.

पण दुसऱ्या ठिकाणी नाटक जिंकते. बिशपच्या क्षमेने हादरून गेलेला वालजाँ आरंभी जे स्वगत गातो, त्याच्याच सुरावटीवर, दोन-अडीच तासांनंतर, वालजाँच्या क्षमेने हादरून गेलेला पोलीस अधिकारी जावेर आपले अखेरचे स्वगत गातो आणि सीन नदीत उडी घेतो. एकाच्या बाबतीत क्षमेने नवा जन्म झाला, दुसऱ्याच्या बाबतीत तिनेच मरण आले. ही तुलना ह्यूगोला हजार पानांच्या अंतरावरून वाचकाच्या स्मरणशक्तीवर सोपवावी लागली, ती संगीतकाराने एक चाल पुन्हा योजून क्षणात उभी केली. फाँतीन या अभागी मातेच्या मृत्यूसमयीची चाल आणि पुढे तेनार्दियेच्या मुलीच्या, एपोनीनच्या, एकाकी गाण्याची चाल एकच आहे, हेही कान देऊन ऐकावे. प्रयोगात अशा पुनरावृत्ती पुष्कळ आहेत, आणि गाळलेल्या विषयांतरांचे काम बऱ्याच अंशी त्याच करतात.

काही पात्रांच्या बाबतीत मात्र फेरफार गुणात्मक आहे, आणि वाचकाने सावध असावे. तेनार्दिये रंगभूमीवर विदूषक होतो, टाळ्या घेतो. कादंबरीत तो आरंभी लबाड आहे, पण उत्तरोत्तर थंडपणे भयंकर होत जातो आणि शेवटी अमेरिकेस जाऊन गुलामांचा व्यापार करतो. एपोनीन रंगभूमीवर निःस्वार्थ प्रीतीची मूर्ती आहे. ह्यूगोची एपोनीन अधिक खरी आणि अधिक अस्वस्थ करणारी. मारियुस आपला होत नाही तर तो कोणाचाच होऊ नये, म्हणून तीच त्याला निरोप पाठवून मोर्च्यावर मरावयास बोलावते, त्याची प्रेयसी कोझेत हिची चिठ्ठी दडवून ठेवते, आणि मग त्याच्यावर रोखलेली गोळी स्वतःच्या अंगावर घेऊन मरताना ती चिठ्ठी त्याच्या हवाली करते. गाणे ऐकून डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकाने हे प्रकरण घरी जाऊन अवश्य वाचावे.

मराठी श्रोत्यासाठी एक स्वतंत्र सूचना आहे. आपला कान संगीत नाटकावर पोसलेला. तेथे गद्य संवाद चालू असता पद येते, गायक नट ते खुलवितो, प्रेक्षक 'वन्स मोअर' देतात, आणि कथा तेवढा वेळ खुशाल थांबते. येथे गद्य जवळजवळ नाहीच. संवादही गाऊनच होतात, गाणे खुलविण्याची सोय नाही, आणि चाल संपण्यापूर्वी प्रसंग बदललेला असतो. पहिल्या अंकाच्या शेवटी तर सर्व प्रमुख पात्रे आपापल्या वेगळ्या चाली वेगळ्या शब्दांसह एकाच वेळी गातात. एका सुरावटीचा माग काढणाऱ्या आपल्या कानाला तो पहिल्या ऐकण्यात गलका वाटण्याची शक्यता आहे. म्हणून नाट्यगृहात जाण्यापूर्वी ध्वनिमुद्रण घरी ऐकावे. १९९५ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दशवार्षिक समारंभानिमित्त झालेल्या मैफलीचे चित्रमुद्रण यासाठी फार उपयोगी; त्यात नेपथ्य व अभिनय नाममात्र असून लक्ष सगळे गायनावर राहते, आणि वालजाँची भूमिका मुळात करणारा कॉल्म विल्किन्सन तीत गातो. २०१२ च्या चित्रपटात गायन चित्रीकरणाच्या जागीच मुद्रित केल्यामुळे त्याला बोलण्याचा ओघ आला आहे, पण गळ्याची अपेक्षा तेथे माफक ठेवावी. बास्तीयचा हत्ती मात्र त्यात दिसतो, जो रंगभूमीवर दिसत नाही. प्रत्यक्ष प्रयोगाचे तिकीट काढताना अगदी पुढच्या रांगेचा मोह टाळून थोडे मागचे, उंचावरचे आसन घ्यावे, कारण मोर्च्याच्या प्रसंगातील जमावाची रचना सबंध दिसली तरच कळते. जॉन नेपियरने मूळ प्रयोगासाठी योजलेला तो प्रसिद्ध फिरता रंगमंच लंडनमध्ये २०१९ पासून नाही. नव्या प्रयोगातील पार्श्वचित्रे ह्यूगोने स्वतः काढलेल्या चित्रांवरून सुचलेली आहेत.

आधी ग्रंथ की आधी प्रयोग, असे विचाराल, तर दोहोंची सांगड घालणे उत्तम. ग्रंथाचा पहिला भाग फाँतीनच्या मृत्यूपर्यंत पुरा वाचावा, आणि मग ध्वनिमुद्रण तेवढ्याच प्रसंगापर्यंत ऐकून बंद करावे. एक सबंध भाग सुमारे अर्ध्या तासात कसा बसविला, हे ताज्या स्मृतीने पाहिले की पुढच्या भागांचे वाचनही निराळ्या डोळ्यांनी होते. एवढ्या मोठ्या उद्योगापूर्वी लहानशी तालीम करावयाची असेल, तर धाकट्या द्युमाची 'कॅमेलियाची स्त्री' घ्यावी. कादंबरी १८४८ ची, लहान. तिचे लेखकानेच केलेले नाटक १८५२ चे. आणि त्यावरून व्हेर्दीने रचलेली 'ला त्राव्हियाता' ही संगीतिका १८५३ मध्ये व्हेनिसला झाली. कादंबरीत नायिका कथेच्या आरंभीच मेलेली असते आणि तिच्या सामानाचा लिलाव चाललेला असतो. नाटकात ती प्रेक्षकांसमोर मरते. आणि संगीतिकेत, तेथील अधिकाऱ्यांच्या हुकमावरून, सारी समकालीन कथा सुमारे दीडशे वर्षे मागे ढकललेली असते. तीन आठवड्यांत तिन्ही रूपे पुरी होतात, आणि माध्यमाने कथेचे काय होते ते एखाद्या ग्रंथालयभर समीक्षेपेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

आणि ज्यांनी नाटक किंवा चित्रपट पाहिला आहे, कथा पाठ आहे, म्हणून जे ग्रंथ मधूनच कोठेतरी उघडण्याच्या विचारात आहेत, त्यांना एवढीच विनंती, की त्यांनी पहिल्या पानापासूनच आरंभ करावा. वालजाँ दाराशी येऊन उभा राहण्यापूर्वी ह्यूगोने दीन्यच्या त्या वृद्ध बिशपच्या घराचा खर्च, त्याचा वाडा रुग्णालयास देऊन टाकण्याचा करार, त्याची बहीण, मरणोन्मुख क्रांतिकारकाशी झालेली त्याची भेट, यांवर १४ प्रकरणे खर्च केली आहेत. आणि त्यांतील एकही आजवर या संगीतनाट्यात आलेले नाही.